‘द डेव्हिल जज’ : पाहण्याआधी आणि पाहून झाल्यावर पडणारे प्रश्न

जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर आलेली ही सोळा भागांची मालिका. कोर्टाची गोष्ट म्हणून बघायला बसलेला माणूस दुसऱ्या भागापर्यंत चक्रावतो आणि मग विचारू लागतो, हे खरंच असं असतं का? त्या सगळ्या प्रश्नांची ही जागा. शेवट फोडणारे प्रश्न खाली ठेवले आहेत आणि तिथे तसं लिहिलंही आहे.

गोष्ट काय आहे? शेवट न सांगता सांगा.

काळ नजीकच्या भविष्यातला. साथीच्या रोगाने आणि दंगलींनी कोरिया पोखरला गेलाय, लोकांचा सरकारवर आणि कोर्टावर काडीचा विश्वास उरलेला नाही. अशा वेळी सरकार एक टूम काढतं : खटले टीव्हीवर थेट दाखवायचे आणि प्रेक्षकांनी मोबाइलवरच्या ‘डिके’ नावाच्या अ‍ॅपवरून आरोपी दोषी की निर्दोष ते सांगायचं. डिके ही ग्रीकांची न्यायदेवता. या ‘लाइव्ह कोर्टा’चा मुख्य न्यायाधीश कांग यो-हान (जी सुंग). देखणा, अफाट श्रीमंत आणि आतल्या गाठीचा. त्याच्या पीठात नवा न्यायाधीश येतो किम गा-ऑन (गॉट-सेव्हन या बँडमधला जिनयंग). गा-ऑनचे आईवडील एका ठकसेनामुळे देशोधडीला लागून गेले, आणि तरीही त्याचा कायद्यावर विश्वास आहे. यो-हानचा अजिबात नाही. समोर एक ‘सामाजिक जबाबदारी’ मिरवणारी संस्था, जिच्यात राष्ट्राध्यक्षांपासून उद्योगपतींपर्यंत सगळे हात धुऊन घेतायत, आणि त्या सगळ्यांना बोटावर नाचवणारी जंग सन-आ (किम मिन-जंग). माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात जमलेलं पात्र हेच.

गा-ऑनची मैत्रीण आणि पोलिस अधिकारी असलेल्या यून सू-ह्यनच्या भूमिकेत पार्क ग्यू-यंग आहे. ‘स्क्विड गेम’च्या दुसऱ्या सीझनमध्ये गुलाबी गणवेशातली नो-उल पाहिली असेल तर चेहरा ओळखीचा वाटेल.

जी सुंग न्यायाधीश असलेली, दहा वर्षं मागे जाणारी मालिका ती हीच का?

नाही. ती ‘द जज रिटर्न्स’, एमबीसी वाहिनीवर जानेवारी २०२६ मध्ये सुरू झालेली. तिथे एका बड्या लॉ फर्मच्या ताटाखालचं मांजर झालेला न्यायाधीश मरतो आणि दहा वर्षं मागे जाऊन जागा होतो, म्हणजे त्याला चुका सुधारायची दुसरी संधी मिळते. दोन्हीकडे जी सुंग काळ्या झग्यात असल्यामुळे क्लिप पाहणाऱ्यांची गल्लत होते. त्याआधी २०१७ साली ‘डिफेंडंट’मध्ये तो आरोपीच्या पिंजऱ्यातही जाऊन आलाय, सरकारी वकील असताना फाशीची शिक्षा झालेला कैदी म्हणून. या माणसाने कोर्टातली एकही जागा सोडलेली नाही.

लेखक स्वतः न्यायाधीश होता हे खरं?

खरं. मून यू-सॉक यांनी १९९७ ते २०२० न्यायाधीश म्हणून काम केलं. २०१८ साली खुर्चीवर असतानाच त्यांनी ‘मिस हम्मुराबी’ लिहिली. ती अगदी वेगळ्या सुराची मालिका : दिवाणी कोर्टातले तीन न्यायाधीश, फायलींचे ढीग, भाडेकरू, भांडणारी भावंडं. राजीनामा दिल्यावर लिहिलेली ही ‘द डेव्हिल जज’. आधीच्या मालिकेत घरातला माणूस जपून बोलत होता आणि इथे तो उंबरठा ओलांडून ओरडतोय, असं मला दोन्ही पाठोपाठ पाहताना वाटलं.

हे माहीत असलं की काही प्रसंग वेगळे दिसतात. मालिकेतल्या बॉम्ब-गोळीबाराच्या प्रसंगांपेक्षा दोन न्यायाधीश जेवणाच्या टेबलावर नम्रपणे बोलतात ते प्रसंग जास्त खरे आहेत. पैसे कोणी कोणाला देत नाही. ज्येष्ठ फक्त ‘तू समजूतदार आहेस’ एवढंच म्हणतो. लेखकाने हे जवळून पाहिलेलं असणार.

२३५ वर्षांची कैद, चाबकाचे फटके... कोरियात हे शक्य आहे?

आजच्या कोरियात दोन्ही अशक्य.

पहिल्या खटल्यात रासायनिक कारखान्याच्या मालकाला २३५ वर्षं मिळतात. प्रत्यक्षात कोरियन दंडसंहितेत मुदतीच्या कैदेची मर्यादा ३० वर्षं आहे आणि वाढीव परिस्थितीत ती ५० पर्यंत जाते. ही मर्यादा २०१० मध्ये वाढवली, त्याआधी १५ आणि २५ होती. अनेक गुन्हे एकत्र असले तरी प्रत्येकाची शिक्षा एकापुढे एक जोडत जात नाहीत; सगळ्यात गंभीर गुन्ह्याची कमाल शिक्षा निम्म्याने वाढवतात. त्याहून कडक काही हवं असेल तर थेट जन्मठेप. मालिकेने अमेरिकेसारखी बेरजेची पद्धत कोरियात आणून बसवली आहे.

दुसऱ्या खटल्यात कायदामंत्रीणबाईंच्या मुलाला फटके. इथे कोरियन प्रेक्षकाला जी कळ लागते ती आपल्याला लागत नाही. जपानी राजवटीने १९१२ मध्ये फटक्यांच्या शिक्षेचा खास हुकूम काढला होता आणि तो फक्त कोरियन लोकांना लागू होता. १९१९ च्या मार्चमधल्या स्वातंत्र्य आंदोलनानंतर, १९२० मध्ये तो रद्द झाला. म्हणजे परक्यांनी गरिबांच्या पाठीवर वापरलेली शिक्षा इथे मंत्र्याच्या पोरावर उलटवली आहे आणि जनता टाळ्या वाजवते आहे. (आपल्याकडचा फटक्यांचा इंग्रजी कायदा १९५५ मध्ये गेला.)

फाशीचं म्हणाल तर कायद्यात ती आहे, पण ३० डिसेंबर १९९७ नंतर कोरियात एकालाही फाशी दिलेली नाही.

कोर्टाचं कामकाज खरंच टीव्हीवर दाखवतात?

सहसा पूर्ण खटला नाही. २०१७ मध्ये नियम बदलला आणि महत्त्वाच्या खटल्यांतला निकाल थेट दाखवायची मुभा मिळाली. ६ एप्रिल २०१८ ला माजी राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांना २४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली ती देशाने टीव्हीवर पाहिली. त्या स्वतः कोर्टात आल्याच नव्हत्या. ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष यून सुक-यॉल यांना पदावरून दूर केलं, तेव्हाही निकाल शब्दन् शब्द थेट ऐकू आला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि घटनापीठांपुढचं थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ ला सुरू झालं. त्या पहिल्या दिवसाच्या यादीत महाराष्ट्रातल्या शिवसेनेच्या दोन गटांचा वाद होता. ती सुनावणी ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे की खरं थेट कोर्ट किती संथ असतं : पान क्रमांक, परिच्छेद, ‘माय लॉर्ड्स, जरा मागे जाऊ या’. त्यात ना पार्श्वसंगीत, ना अ‍ॅप.

लोकांच्या मतावर निकाल, म्हणजे ज्युरीच ना?

ज्युरी आणि अ‍ॅप यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्युरीतला माणूस अख्खा पुरावा ऐकतो, बंद खोलीत बसून इतरांशी वाद घालतो. अ‍ॅपवाल्याने जेवता जेवता बटण दाबलेलं असतं.

कोरियात २००८ पासून नागरिकांच्या सहभागाचे खटले चालतात. पाच, सात किंवा नऊ सामान्य माणसं बसतात आणि मत देतात, पण ते मत न्यायाधीशावर बंधनकारक नसतं. आरोपीला नको असेल तर असा खटला होत नाही.

मुंबईकरांना हा विषय नवा नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नौदल अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते मत पटलं नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बाहेर एक साप्ताहिक आरोपीच्या बाजूने रान उठवत होतं, रस्त्यावर सहानुभूतीचा पूर होता. शेवटी १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. यो-हानच्या कोर्टातला प्रेक्षकवर्ग कसा असेल याचा अंदाज त्या मुंबईवरून बांधता येतो. तेव्हा हातात फोन नव्हते, एवढंच.

कोरियातली न्यायव्यवस्था इतकी सडलेली आहे का?

मालिकेइतकी नाही. पण लेखकाने हवेतून काही उचललेलं नाही, त्यामुळे या प्रश्नाला थोडी जास्त जागा देतो.

सोलच्या सोचो-दोंग भागात सर्वोच्च न्यायालय, सरकारी वकिलांचं मुख्यालय आणि वकिलांची शेकडो कार्यालयं हाकेच्या अंतरावर आहेत. न्यायाधीश निवृत्त होतो किंवा राजीनामा देतो, काही दिवसांत त्याच भागात वकिलीची पाटी लावतो, आणि ज्याच्यापुढे उभा राहतो तो न्यायाधीश कालपर्यंत त्याच्याच हाताखाली शिकलेला असतो. अशा जुन्या साहेबाच्या अशिलाला नकळत झुकतं माप मिळतं, ही तक्रार कोरियात इतकी जुनी आहे की तिला स्वतंत्र नाव पडलं आहे. २०११ मध्ये कायदा बदलून, शेवटच्या नेमणुकीच्या कोर्टातले खटले एक वर्ष घ्यायचे नाहीत असा निर्बंध आला. वर्ष संपलं की रान मोकळं.

मग २०१६ उजाडलं. सौंदर्यप्रसाधनांच्या एका प्रसिद्ध कंपनीचा प्रमुख परदेशात जुगार खेळल्याबद्दल तुरुंगात होता. त्याने आपल्या वकीलबाईंवर तुरुंगाच्या भेटखोलीतच हात टाकल्याची तक्रार झाली. भांडण फीच्या परताव्यावरून. त्या बाई माजी न्यायाधीश. धागा ओढता ओढता निघालं ते असं की दोन अशिलांकडून त्यांनी मिळून १० अब्ज वॉन, म्हणजे तेव्हाचे साधारण साठ कोटी रुपये घेतले होते, ओळखी वापरून जामीन किंवा सूट मिळवून देते म्हणून. त्यांना साडेपाच वर्षांची कैद झाली. याच प्रकरणात एका सेवेतल्या न्यायाधीशाने महागडी मोटार घेतल्याचं बाहेर आलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये सरन्यायाधीश यांग सुंग-ते यांनी देशाची माफी मागितली.

माफी मागणारे तेच यांग जानेवारी २०१९ मध्ये स्वतः अटकेत गेले. कोरियाच्या इतिहासात माजी सरन्यायाधीशाला झालेली ही पहिली अटक. आरोप पैशांचा नव्हताच. नवं अपील न्यायालय स्थापन व्हावं म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची मर्जी राखायची, त्यासाठी जपानी राजवटीतल्या वेठबिगारांचे दावे लांबवायचे, आणि टीका करणाऱ्या न्यायाधीशांची टिपणं ठेवायची, असं त्याचं स्वरूप. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या कोर्टाने त्यांना सगळ्या ४७ आरोपांतून निर्दोष सोडलं आणि प्रकरण अपिलात गेलं. कायद्याने काय सिद्ध होतं हा वेगळा मुद्दा, पण वेठबिगारांच्या दाव्यातले म्हातारे वादी निकालाची वाट पाहत एकेक करून गेले.

म्हणून मालिकेतला माझा सगळ्यात आवडता खलनायक बंदूकवाला नाही. ज्याच्या तोंडी सतत तत्त्वं आहेत तो सर्वोच्च न्यायालयातला सौम्य न्यायमूर्ती आहे.

उद्योगपती नेहमी सुटतात, हे जरा अति नाही का?

कोरियात याला ‘तीन-पाच’ म्हणतात : तीन वर्षांची कैद, ती पाच वर्षांसाठी स्थगित. तीनच का? कारण तीन वर्षांपर्यंतचीच शिक्षा स्थगित करता येते. एसके, ह्युंदाई, सॅमसंग या तिन्ही समूहांच्या प्रमुखांना २००५ ते २००९ या काळात अगदी हाच हिशेब लागू झाला. सॅमसंगच्या ली कुन-ही यांना तर २००९ च्या डिसेंबरात माफीही मिळाली.

आणि ‘पैसा असेल तर निर्दोष, नसेल तर दोषी’ हे मालिकेत वारंवार डोकावणारं वाक्य ऑक्टोबर १९८८ मधलं आहे. सोल ऑलिम्पिक संपून दोन आठवडे झाले होते. कैद्यांच्या गाडीतून पळालेल्या टोळीने एका घरात माणसांना ओलीस धरलं आणि टोळीतला जी कांग-हॉन टीव्ही कॅमेऱ्यांसमोर हे ओरडला. चोरीसाठी त्याला सात वर्षं आणि वर दहा वर्षांची स्थानबद्धता. माजी हुकूमशहाच्या भावाला अब्जावधींच्या अपहाराबद्दलही सात वर्षंच. जी त्याच दिवशी मेला, वाक्य राहिलं. लाइव्ह कोर्टाची कल्पना लेखकाला कुठून सुचली कोण जाणे, पण कोरियन जनतेने न्यायव्यवस्थेवरचा सगळ्यात झोंबणारा शेरा थेट प्रक्षेपणातच ऐकला होता.

तीन न्यायाधीश का बसतात? आणि तो हातोडा?

गंभीर गुन्हे तिघांच्या पीठापुढे चालतात : मध्ये अध्यक्ष, उजवा सहन्यायाधीश ज्येष्ठ, डावा कनिष्ठ. मालिकेत सारखं ऐकू येणारं ‘जे-फान-जांग-निम’ हे मधल्याला उद्देशून. हातोडा कोरियन कोर्टात १९६० च्या दशकातच बंद झालाय.

वाईट न्यायाधीशाला काढता येतं का?

काढायचं ठरवलं तरी अवघड. कोरियात संसदेने एका न्यायाधीशावर महाभियोग मंजूर केल्याची पहिली वेळ फेब्रुवारी २०२१, म्हणजे ही मालिका येण्याच्या पाच महिने आधी. दुसऱ्या न्यायाधीशाच्या खटल्यात ढवळाढवळ केल्याचा ठपका होता. तिथे न्यायाधीशांची मुदत दहा वर्षांची असते. घटना न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत त्या गृहस्थांची मुदतच संपली आणि ऑक्टोबरमध्ये अर्ज निकालात निघाला : पदावर नसलेल्याला पदावरून काढता येत नाही.

यो-हान नायक की खलनायक? (इथून पुढे गोष्ट फुटते.)

तो गुन्हेगारांना शिक्षा देतो आणि त्यासाठी पुराव्याशी खेळतो. मग ज्यांना तो शिक्षा देतो त्यांच्यात आणि त्याच्यात उरतं काय? मालिका हा प्रश्न गा-ऑनच्या तोंडून विचारते आणि मग, माझी तक्रार इथेच आहे, उत्तराच्या जवळ गेली की काढता पाय घेते. यो-हानचं दुःख इतकं मोठं रंगवलंय, चर्चमधल्या आगीत गेलेला भाऊ, अपंग झालेली पुतणी, छळणारा बाप, की प्रेक्षक त्याला आधीच माफ करून बसतो. जी सुंगच्या डोळ्यांतला ओलावा हा पुरावा नव्हे, हे विसरायला होतं.

१९ जानेवारी २०२५ च्या पहाटे सोलच्या पश्चिम जिल्हा न्यायालयात जमाव घुसला, कारण राष्ट्राध्यक्षांच्या अटकेचं वॉरंट निघालं होतं. काचा फोडत लोक न्यायाधीशाला शोधत होते. त्यानंतर यो-हानच्या कोर्टाबाहेरच्या जल्लोषाचे प्रसंग मी पुन्हा पाहिले, तेव्हा पूर्वीसारखी मजा आली नाही.

शेवटी नक्की काय होतं?

गरीब वस्तीतल्या माणसांना उचलून त्यांच्यावर चाललेले प्रयोग उघड होतात. यो-हान संस्थेच्या सगळ्या बड्या धेंडांना लाइव्ह कोर्टात कोंडतो आणि स्फोट घडवतो. जंग सन-आ स्वतःवर गोळी झाडते. यो-हानही मेला असं सगळे समजतात. पण तो वाचलेला असतो, गा-ऑनला चुटपुटता भेटतो आणि पुतणीच्या उपचारांसाठी स्वित्झर्लंडला निघून जातो. स्फोटातून सुटला कसा, याचा फार विचार करू नका. मालिकेनेही केलेला नाही.

मग पापक्षालन कोणाचं झालं?

यो-हानचं नाही. तो देश सोडतो, कोर्टापुढे उभा राहत नाही. गा-ऑनचं थोडंफार होतं. गुरूच्या, म्हणजे वर आलेल्या त्या सौम्य न्यायमूर्तीच्या, शब्दावर विसंबून त्याने यो-हानला उघडं पाडलेलं असतं, गुरूच विकला गेलेला निघतो, आणि तरीही गा-ऑन न्यायाधीशाची खुर्ची सोडत नाही. एवढं होऊनही रोज सकाळी फायली उघडणं यातच त्याचं प्रायश्चित्त आहे.

पण व्यवस्थेचं पापक्षालन पाहायचं असेल तर मालिकेच्या बाहेर जावं लागतं. ८ एप्रिल १९७५ ला कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘इन्ह्यॉकदांग’ प्रकरणात आठ जणांची फाशी कायम केली, उत्तर कोरियाच्या सांगण्यावरून उठाव रचल्याचा आरोप ठेवून. दुसऱ्या दिवशी पहाटे, चोवीस तासही उलटायच्या आत, आठही जणांना फासावर दिलं. नातेवाइकांना शेवटचं भेटताही आलं नाही. कबुलीजबाब छळ करून घेतले होते. जानेवारी २००७ मध्ये फेरसुनावणीत सोलच्या कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं. बत्तीस वर्षांनी. या फेरसुनावणीच्या वाटेने हुकूमशाहीच्या काळातले कितीतरी निकाल कोरियन न्यायालयांनी स्वतःच फिरवले आहेत. त्यात स्फोट नाही, सूड नाही. आहेत त्या जुन्या फायली, म्हाताऱ्या बायका आणि चिवट वकील. अशा गोष्टीची सोळा भागांची मालिका कोणी केली तर मी रात्र जागून पाहीन.

मुलांबरोबर पाहता येईल?

नववी-दहावीच्या पुढच्यांना चालेल. आत्महत्या, लहान मुलांचा छळ आणि रक्तपात आहे, तेव्हा लहानांना लांब ठेवा.

ही आवडली, पुढे काय पाहू?

लेखकाची आधीची ‘मिस हम्मुराबी’ आधी पाहा. रोजचं कोर्ट तिथे आहे. त्यांचीच ‘प्रो बोनो’ डिसेंबर २०२५ मध्ये आली. प्रसिद्धीला हपापलेला न्यायाधीश लाचेच्या प्रकरणात खुर्ची गमावतो आणि फुकट खटले लढवणाऱ्या वकिलांच्या खोलीत येऊन पडतो. ती हसतखेळत जाते. बालगुन्हेगारांच्या कोर्टावर ‘जुव्हेनाइल जस्टिस’ आहे, २०२२ ची, दहाच भाग, किम हे-सूचं काम खणखणीत. पण सलग पाहू नका, जड जाते. आणि सरकारी वकिलांच्या खात्यातली कीड पाहायची असेल तर २०१७ ची ‘स्ट्रेंजर’. पहिले दोन भाग नावं लक्षात ठेवण्यात जातील, कागद-पेन जवळ असू द्या.